खिसा रिकामा झाला की खरी मजा

आज भाचीला काडेपेटीचा फोन करून दिला. दोन रिकाम्या पेट्यांना भोक पाडायचं, दोरा ओवायचा आणि तो निसटू नये म्हणून आतून काडीचा तुकडा बांधायचा. दोरा ताठ असेल तरच आवाज पोचतो. जरा सैल पडला किंवा भिंतीला घासला की लाईन कट! लहानपणी असं झालं की आम्ही सरळ ओरडून बोलायचो आणि फोन चालतोय म्हणून नाचायचो.

हे उद्योग सुचायचे ते खाऊचे पैसे संपल्यावर. आणि ते संपायचे भाड्याच्या सायकलवर. सगळ्यांची चिल्लर गोळा करून तासभर सायकल घ्यायची. चालवणारा एक, मागे धावणारे बाकी सगळे. नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारण्यात जी ऐट होती, ती पुढे कुठल्याच गाडीत आली नाही (निदान मला तरी). घड्याळ कुणाच्याच हातात नसायचं, त्यामुळे तास नक्की कधी संपला यावर भांडणं भरपूर. सायकलवाले काका म्हणतील तो तास! आमच्यातला एक तर कायम 'चेन पडली, ती वेळ धरू नका' म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालायचा. आज तो वकील आहे.