साइड रिदमचे सामान

कार्यक्रमाच्या शेवटी निवेदिका साथीदारांची ओळख करून देते, तेव्हा संवादिनी, तबला, ढोलकी आणि की-बोर्ड यांच्यानंतर माझा क्रमांक लागतो, आणि तोवर मागच्या रांगांतील मंडळी रिक्षा मिळावी म्हणून उठलेली असतात. ‘आणि साइड रिदमला...’ असे म्हणून ती क्षणभर हातातल्या कागदाकडे पाहते, कारण माझ्यासमोर मांडलेल्या पंधरा-सोळा वस्तूंना मिळून दुसरे नावच नाही, हे तिच्याही लक्षात आलेले असते. मी उभा राहून नमस्कार करतो, तेवढ्यात कोपर लागून स्टँडवरच्या चाइमच्या नळ्या किणकिणतात, आणि लोकांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटतो.

हे सगळे सामान ठाण्याच्या नौपाड्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत माझ्या आणि आईच्या सोबतीने राहते. येणारे-जाणारे त्याला कौतुकाने ‘संग्रह’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. नाणी किंवा काडेपेट्यांची चित्रे जमवणारा माणूस आपल्या मनाने जमवतो, माझ्याकडची बहुतेक वाद्ये मात्र दुसऱ्याच्या फोनमुळे आलेली आहेत. संगीत संयोजक रात्री साडेदहाला फोन करतो आणि म्हणतो, ‘दादा, उद्या येताना जरा वेगळं काहीतरी आणा ना.’ या ‘वेगळं’चा अर्थ त्यालाही ठाऊक नसतो. एकाला त्यातून पश्चिम आफ्रिकेतले जेंबे हवे होते, दुसऱ्याला उडू नावाचे नायजेरियातले मातीचे मडके हवे होते, आणि तिसऱ्याने ‘लहान, गोल आणि कोरड्या आवाजाचं काहीतरी’ असे वर्णन केल्यामुळे मी दोन परदेशी वस्तू खर्च करून आणल्या, तेव्हा कुठे कळले की त्याला आपली साधी दिमडी हवी होती. त्या दोन वस्तू अजून माळ्यावर आहेत.

आमच्या कामातला खरा हिशेब वजन आणि आवाज यांचा असतो. तबला-डग्ग्याची पिशवी हातोडी आणि चुंबळींसह आठ किलोंच्या आसपास भरते, कहोन हे लाकडी तालवाद्य पाच किलोंचे, आणि जोडीतला एक कोंगा, म्हणजे उभा लांब ढोल, स्टँडशिवायही दहा किलोंच्या पुढे जातो. या सगळ्यांना दोन जिने उतरवून, रिक्षात कोंबून, सभागृहाच्या मागच्या दाराने आत नेऊन मांडायचे, आणि त्यानंतर तीन तासांच्या कार्यक्रमात त्यांतले प्रत्येक वाद्य किती वेळ वाजते? एकदा मी मुद्दाम मोजले. चाइम अकरा वेळा वाजली, तीही दर वेळी अंतऱ्याच्या आधी बोट फिरवण्यापुरती, आणि व्हिब्रास्लॅप एकदाच. व्हिब्रास्लॅप म्हणजे वाकवलेल्या सळईच्या एका टोकाला लाकडी गोळा आणि दुसऱ्या टोकाला सैल खिळे बसवलेली लाकडी पेटी. गोळ्यावर थाप मारली की पेटीतून करकरत जाणारा लांब आवाज निघतो. तो पहिल्यांदा ऐकून आई म्हणाली, ‘थंडीत दात वाजतात ना, तसं वाजतंय हे.’ लॅटिन अमेरिकेत गाढवाच्या वाळलेल्या जबड्यावर थाप मारून त्यातले सैल दात वाजवण्याची जुनी पद्धत आहे आणि तो जबडा मोडतो म्हणून मार्टिन कोहेन या अमेरिकी कारागिराने त्याची ही लाकडी-लोखंडी आवृत्ती केली, हे मी नंतर वाचले आणि आईला सांगितले. तेव्हापासून ते वाद्य देवघराच्या भिंतीपासून दूर ठेवायचे असा घरात नियम आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली, याचा आम्हा ठाणेकरांना अभिमान असला, तरी सकाळी साडेआठला कहोन घेऊन गाडीत चढणाऱ्याला त्या अभिमानाचा काडीचाही उपयोग होत नाही. मी मालडबा गाठतो. कहोन हे दिसायला रेक्झिनच्या पिशवीतले खोके, आणि वाद्य म्हणूनही ते खोकेच आहे: पेरूमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाची खोकी वाजवायला घेतली आणि त्यातून ते घडले. वादक त्याच्यावरच बसून पुढच्या पातळ फळीवर हात मारतो. मालडब्यातल्या एका मासळीवाल्या मावशींना हे कुणी सांगितलेले नव्हते, तरी त्यांनी पिशवीकडे एकदा पाहिले, टोपली बाजूला ठेवली आणि दादर येईपर्यंत त्या त्याच्यावर निवांत बसून राहिल्या. बसून वापरायच्या वस्तूचा याहून योग्य उपयोग मला सुचला नाही, म्हणून मी उभा राहिलो.

माझे शिक्षण तबल्याचे. थोर तबलावादक अहमदजान थिरकवाँसाहेबांचे शिष्य पं. भाई गायतोंडे ज्या गावात राहत होते, त्या गावात तबला शिकून मी खोके वाजवू लागलो, ही गोष्ट माझ्या गुरुजींना कशी सांगावी हा प्रश्न मला अनेक महिने पडला होता. शेवटी कहोनच त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी फळीवर तीन ठिकाणी बोट मारून पाहिले आणि म्हणाले, ‘खोक्याला किनार नाही.’ यापलीकडे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत, आणि मीही तबल्याच्या किनारीवर वाजणारा ‘ना’ खोक्यावर कुठे वाजवायचा याचे उत्तर त्यांना देऊ शकलो नाही.

त्यांच्या त्या वाक्यात बरेच काही आहे, असे मला तबले मोजताना जाणवते. माझ्याकडे तबले सहा आहेत आणि डगे दोनच. डग्गा कोणाशीही नांदतो. तबल्याचे तसे नाही. गायक काळी एक या पट्टीत गाणार असेल तर सव्वापाच-साडेपाच इंचांच्या तोंडाचा तबला लागतो, गायिका काळी चारची असेल तर षड्जाला लावण्यासाठी अधिक रुंद तोंडाचा काढावा लागतो, आणि वाद्या ताणणारे लाकडी गट्टे ठोकून एकच तबला दोन्हीकडे ओढायचा प्रयत्न केला तर एकीकडे पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, फाटण्याची भीती आणि दुसरीकडे आवाजाची गोणपाट होते. हा सगळा खटाटोप मधल्या काळ्या गोल शाईमुळे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप पडली की त्यातून उमटणाऱ्या कंपनांचे एकमेकांशी प्रमाण १, १.५९, २.१४ असे ओबडधोबड असते, म्हणून डफाला किंवा कोंग्याला तबल्यासारखा स्पष्ट सूर सापडत नाही. शाईच्या थरांनी मधला भाग जड केला की ही कंपने १, २, ३ अशा सरळ पटींत बसू लागतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहून जगाला सांगितले. शाई घोटणाऱ्या कारागिरांच्या हाताला ते आधीच माहीत होते. सुराचे वाद्य असल्याचा भुर्दंड मी सहा तबल्यांच्या रूपाने भरतो, आणि ज्याला सूर नाही असा, हलवून वाजवायचा एकच शेकर साऱ्या पट्ट्यांना पुरतो.

पावसाळ्यात मात्र सुराच्या आणि बिनसुराच्या सगळ्याच कातड्यांची दशा सारखी होते. जून संपता संपता हवेतला दमटपणा चामड्यात शिरतो, ते सैल पडते आणि तबला उतरू लागतो. कपाटात दिवा लावून ठेवणे, पिशव्यांतून सिलिका जेलच्या पुड्या टाकणे, ढोलकी केस वाळवायच्या यंत्रासमोर धरणे, हे सर्व उपाय माझे करून झालेले आहेत. मासुंदा तलावाच्या काठावरच्या गडकरी रंगायतनात भर जुलैत कार्यक्रम असला की मेकअपच्या खोलीत हातोडीने गट्टे ठोकून चढवलेला तबला रंगमंचावर दिव्यांच्या उष्णतेत आपणहून आणखी चढू लागतो, आणि मग गायिका आलाप घेत असताना उलट्या दिशेने हातोडी मारावी लागते. दक्षिणेकडचे कलाकार कंजिरा या लहान डफासारख्या वाद्याचा आवाज खाली आणण्यासाठी त्याच्या कातड्याला आतून पाणी लावतात. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती तसदी कुणी घेऊ नये.

पखवाजाचे वेगळेच. त्याच्या डाव्या तोंडावर वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापावी लागते, तिच्या वजनाने तो घुमारा येतो, आणि वाजवून झाले की ती खरवडून काढायची असते. वाद्य लक्षात राहते, कणीक विसरते. एका ध्वनिमुद्रणाच्या दिवशी अभंगाचा ट्रॅक समोर तयार, ध्वनिमुद्रक काचेपलीकडे बोटे वाजवतो आहे, आणि मी स्टुडिओच्या खालच्या पोळी-भाजी केंद्रात उभा. ‘ताई, नुसती मळलेली कणीक मिळेल का?’ असे विचारल्यावर पोळ्या लाटणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारले, ‘किती पोळ्यांची?’ मी म्हणालो, ‘एका पखवाजाची.’ त्यांनी लाटणे थांबवले, मला नीट पाहून घेतले आणि मुठीएवढा उंडा कागदावर ठेवला. घट्ट होता, पाणी लावून सैल करावा लागला, पण त्यांच्या कणकेला तेलाचा हात असल्यामुळे की काय, त्या दिवशीचा ‘धा’ मला अजून आठवतो. पैसे त्यांनी घेतले नाहीत. परत जाताना कणीक परत द्यायची का, हे मात्र त्यांनी हसून विचारले.

सगळ्यांत अधिक काम देणारी वस्तू मी विकत घेतलेलीच नाही. कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी घरात पडून होती. तिच्यात काय भरले असता चांगला शेकर होईल, याचा शोध मी एका रात्री स्वयंपाकघरातल्या डब्यांपाशी बसून घेतला. तांदळाचा आवाज जाडा, शिवाय डबी पुढे नेताना एक आणि मागे आणताना दुसरा असे दोन धक्के वेगवेगळे ऐकू येतात. साबुदाणा बोथट वाजतो. राजगिरा इतका बारीक की नुसती फुसफुस होते आणि ठोका सापडत नाही. मोहरी मात्र गोल, कठीण आणि तत्पर: हात थांबला की तीही थांबते. डबी एक तृतीयांश भरायची, त्याहून अधिक भरली की दाण्यांना धावायला जागा उरत नाही. झाकणाला चिकटपट्टी लावून रात्री दीड वाजता मी झोपलो आणि सकाळी आईच्या आवाजाने जागा झालो: ‘फोडणीला चिमूटभर मोहरी नाही आणि तुझ्या डब्यांत पावशेर भरून ठेवली आहेस!’

ध्वनिमुद्रणात या डबीचा मान मोठा आहे. ढोलकीसमोर १९६५ पासून बाजारात टिकून असलेला शुअरचा एसएम ५७ माइक चालतो, पण मोहरीसाठी ध्वनिमुद्रक आपला महागातला कंडेन्सर माइक काढतो, एसी बंद करतो, मला घड्याळ काढायला लावतो आणि अंगातला शर्ट सुती आहे ना ते विचारतो, कारण नायलॉनची बाहीही माइकला ऐकू येते. ९६ च्या लयीत चार मिनिटांचे गाणे आणि दर ठोक्याला चार झटके, म्हणजे १,५३६ झटके होतात. त्यांतला एक जरी मागेपुढे झाला तरी सगळ्यांना कळतो, आणि उरलेले १,५३५ बरोबर आले हे कुणालाही कळत नाही. अशाच एका वेळी डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्यामागून बारीक खरखर येऊ लागली. केबली बदलल्या, माइक बदलला, माझ्या हाताबद्दलही दबक्या आवाजात शंका घेऊन झाली. शेवटी कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या कहोनच्या आतल्या तारा डग्ग्याला साद देत आहेत, असे निघाले. तेव्हापासून एक वाद्य आत वाजत असताना बाकीची सगळी बाहेरच्या खोलीत, चपलांच्या शेजारी बसतात.

रोलंड कंपनीने १९८५ साली ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आणले, त्याला आता चाळीस वर्षे झाली. आठ रबरी चौकोन, त्यांत जगातली बहुतेक तालवाद्ये, आणि वजन एका कहोनएवढेही नाही. ऐरोली-घणसोलीकडे हळदीच्या कार्यक्रमाला मी तोच नेतो आणि त्याबद्दल मला यत्किंचितही अपराधी वाटत नाही. बेंजोपुढे आणि त्या भोंग्यांपुढे मोहरीची डबी हलवणे म्हणजे समुद्रात अत्तर ओतणे. पण त्यातला शेकर दर वेळी तंतोतंत तसाच वाजतो, आणि चार मिनिटांनी कान त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. डबीतली मोहरी प्रत्येक झटक्याला थोडी वेगळी पडते, म्हणून ती गाण्यात मिसळते.

गेल्या महिन्यात त्या डबीचे एक गाणे प्रसिद्ध झाले. मोबाइल ओट्यावर ठेवून मी ते आईला ऐकवले. ती वरणाला फोडणी देत होती, कढईतला तडतडाट संपेपर्यंत तिने मला गाणे थांबवायला लावले आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकले. तबला, बासरी, गायिकेचा आवाज, सगळ्यांवर तिने मान डोलावली. गाणे संपल्यावर गॅस बारीक करत ती म्हणाली, ‘छान झालंय, पण मोहरी जरा जास्त पडली आहे.’ मी ध्वनिमुद्रकाला संध्याकाळी फोन केला. दोन दिवसांपासून त्यालाही तेच वाटत होते.