तुम्ही विचारलंत म्हणून: एकच गाडी, रोजची आणि रानातली

‘रोज कामावर नेता येईल आणि सुट्टीत रानात घालता येईल अशी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, कोणती घेऊ?’ हे तुम्ही विचारलंत, आणि तुमच्याआधी बऱ्याच जणांनी विचारलंय. कुणी पक्षी बघायला जातं, कुणी गळ टाकून बसायला, कुणाला गाडी थेट तंबूपर्यंत न्यायची असते. प्रत्येकाला उत्तरात एका मॉडेलचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. जुन्या गाडीत मॉडेल निम्मीच गोष्ट सांगतं. उरलेली निम्मी गाडीच्या पोटाखाली असते, आणि तिथे वाकून बघायची तयारी नसेल तर कितीही नावाजलेली गाडी घेतलीत तरी भरवसा नाही.

त्याआधी एक ठरवून टाका. तुम्ही जिथे जाता तिथला शेवटचा किलोमीटर कसा आहे? सुकी खडीची वाट असेल तर फोर बाय फोरची गरजच नाही. जमिनीपासून बऱ्यापैकी उंच असलेली साधी गाडी आणि चांगले टायर एवढ्यावर भागतं. ओलं गवत किंवा हलका बर्फ असेल तर गरजेपुरती उरलेली दोन चाकं आपोआप जोडून घेणारी मोनोकॉक (खाली वेगळी चौकट, म्हणजे चॅसिस, नसलेली) गाडी पुरते, आणि रोज चालवायला ती कारइतकीच सोपी. खोल चाकोऱ्या, दगडांची चढण, ओढा, चिखल असं असेल तर मात्र लो रेंज, म्हणजे गाडी अगदी हळू पण जास्त जोराने चालवणारे जादा गिअर, हवीच. इथे लोक लगेच म्हणतात, ‘म्हणजे लॅडर चॅसिसच’, शिडीसारख्या वेगळ्या चौकटीवर बसवलेली गाडी. तसंही नाही. १९७७ साली सोव्हिएत रशियात आलेल्या लाडा निवाला वेगळी चॅसिस नव्हतीच. मोनोकॉक बॉडी, चारही चाकांना कायमची ताकद आणि जोडीला लो रेंज. वजन लादायचं, ओढायचं असेल तर लॅडर चॅसिसला तोड नाही, पण तेवढ्यासाठी रोज तिचं वजन आणि तिचे हिसके सोसायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

लो रेंजबद्दल मी आग्रही आहे ते चढणीपेक्षा उतारासाठी. ओल्या, घसरड्या उतारावर ब्रेक जोरात दाबला की चाकं पकड सोडतात आणि गाडी जाईल तिकडे जाते. लो रेंज टाकून पहिल्या गिअरमध्ये पाय बाजूला घेतला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. चाकं फिरत राहतात, त्यामुळे स्टिअरिंग ऐकतं. हे एकदा अनुभवलं की लो रेंज नसलेली गाडी घेऊन अशा वाटेला जावंसं वाटत नाही. आणि एक लक्षात असू द्या: चार चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी लवकर थांबत नाही. थांबवतात ते टायर आणि ब्रेक.

आता रोजच्या वापराचा खरा मुद्दा, जो विकणारा क्वचितच सांगतो. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चार चाकं हवी तेव्हाच जोडायच्या गाडीत, पुढचा आणि मागचा ॲक्सल (चाकांच्या जोडीचा आस) एकमेकांना घट्ट जोडला जातो, मध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाक थोडं घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते, म्हणून तो ताण शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात, लीव्हर परत टूव्हीलमध्ये, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर, यायला नकार देतो. म्हणजे अशी गाडी डांबरावर टूव्हीलमध्येच चालवायची. अर्धा रस्ता ओला, अर्धा कोरडा अशा दिवसांत तिची चार चाकं तुमच्या कामाची नाहीत. तुमच्याकडे पाऊस किंवा बर्फ महिनोन्‌महिने असेल तर मधला डिफरन्शिअल असलेली, कायम चार चाकांवर चालणारी गाडी बघा. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरपासून ही रचना चालत आली आहे. नसेल, तर पार्ट टाइम बरी. साधी असते, कुठलाही जाणता मिस्त्री ती उघडून दुरुस्त करू शकतो.

एवढं ठरलं की गाडी बघायला जा, आणि जुने कपडे घालून जा. सोबत टॉर्च आणि छोटी हातोडी. चॅसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर पुढून मागेपर्यंत हलके ठोके मारत चला. जाड पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेला बसका वाजतो आणि कधी हातोडीखाली पापुद्रे सुटतात. मागच्या स्प्रिंगा जिथे बसतात तिथे आणि बंद पोकळ भागांच्या भोकांजवळ जास्त वेळ द्या, चिखल साचून ओल तिथेच राहते. समुद्रकाठी किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यांवर वापरलेली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या. खालून नवा कोरा काळा रंग मारलेला दिसला तर आनंद मानू नका. तो कधी मारला आणि का, हे विचारा. हा धोका स्वस्तातल्या गाड्यांपुरता नाही. १९९५ ते २००० दरम्यानच्या टॅकोमा पिकअपच्या चॅसिस गंजू लागल्या तेव्हा खुद्द टोयोटाला अमेरिकेत २००८ मध्ये त्यांची गंजाविरुद्धची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि पार कुजलेल्या गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चॅसिस गेली की गाडी गेली.

मग डिफरन्शिअलचं ऑइल बघा. मालक नाही म्हणाला तर त्याचं कारण विचारा. भरायचा नट उघडून बोट आत घाला. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ते कसं जातं हेही समजून घ्या: प्रवासात ॲक्सल तापलेला असतो, तो ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. हे होऊ नये म्हणून ॲक्सलला हवा घेण्याची छोटी नळी दिलेली असते. ती चिखलाने बुजलेली किंवा तुटलेली नाही ना, तेही तिथेच बघून घ्या. ऑइल काढायच्या नटाला चुंबक असेल तर त्यावरची करडी, मऊ लेप झालेली पूड चालते. दातांचे तुकडे चालत नाहीत. पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या जॉइंटचे रबरी बूट (आवरणं) फाटलेले असतील आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट्‌कट्‌ आवाज येत असेल तर खर्च ठरलेला.

फोर बाय फोर चालते का, हे मालकाच्या तोंडून ऐकायचं नसतं. मोकळ्या मातीवर किंवा खडीवर नेऊन स्वतः टाकून बघायचं. बऱ्याच जुन्या गाड्यांची ही यंत्रणा वर्षानुवर्षं कुणी वापरलेलीच नसते. मग लीव्हर अडकतो, दिवा लागतो पण पुढची चाकं ओढत नाहीत. लो रेंज सहसा गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून टाकायची. पडली की थोडं पुढे, थोडं मागे जाऊन कान द्या. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत ना? कायम चार चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असले, तर मधल्या डिफरन्शिअलला ते सतत सोसावं लागतं.

वाढवलेल्या, उंच केलेल्या गाड्यांपासून मी लोकांना कळकळीने लांब ठेवतो. उंची वाढली की पुढच्या जॉइंटचे कोन बिघडतात, गाडीचा तोल वर जातो, आणि ज्याने एवढं सगळं लावलं त्याने ती कुठे कुठे आपटली असेल याचा अंदाज तुम्हीच करा. कंपनीतून आली तशी, सगळ्या नोंदी जपलेली गाडी मिळाली तर ती थोडी कमी देखणी असली तरी चालेल.

रोजचा प्रवास अगदी जवळचा असेल तर नव्या पिढीतलं डिझेल घेताना थांबून विचार करा. त्याच्या धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर जळून साफ व्हायला बराच वेळ गरम राहावा लागतो. रोज दहा-दहा मिनिटं चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो. तिथे पेट्रोल बरं.

एकच गाडी दोन्ही कामांना वापरणं हे काही जण तडजोड समजतात. मला तेच योग्य वाटतं. रोज चालणारी गाडी आपलं दुखणं लवकर सांगते. बॅटरी थकली, सील पाझरू लागलं, हे रस्त्यावरच कळतं, सिग्नल नसलेल्या रानात नाही. दोन्ही कामांसाठी टायर ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि रान दोन्हीला चालणारे, घ्या. मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर, ओल्या डांबरावर पकड कमी देतात आणि रोज कानाशी घोंघावतात. चिखलात गरज पडलीच तर टायरची हवा कमी करायची, पकड वाढते, आणि डांबराला लागण्याआधी परत भरायची. म्हणून हवेचा पंप गाडीतच असू द्या.

सगळे पैसे गाडीतच संपवू नका. घेतल्या घेतल्या इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअल यांची ऑइलं बदलून घ्या, आधीचा मालक काहीही सांगो. स्टेपनीही त्याच मापाची आणि हवा भरलेली हवी. आणि दर महिन्याला मोकळ्या मातीवर थोडा वेळ चारही चाकं जोडून चालवा.