होनोलुलूहून एका दिवसात ज्वालामुखी बघून येणे: माझा अनुभव

हवाईची तिकिटं काढली तेव्हा डोक्यात फक्त होनोलुलू होतं, वायकीकीचा समुद्रकिनारा, पर्ल हार्बर, झालंच तर डायमंड हेड. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं एवढ्या लांब जातोय तर तो लाल लाल रस वाहतो ना, तो दाखव की, टीव्हीवर बघितलाय मी." आता डायमंड हेड पण ज्वालामुखीच आहे म्हणा, पण कधीचा थंड झालेला, आणि आईंना हवा होता जिवंत. तो आहे बिग आयलंडवर, किलावेआ नाव त्याचं. नकाशात अगदी शेजारी दिसतो, पण होनोलुलू ते तिथलं हिलो शहर हे अंतर दोनशे मैलांच्या वर आहे, सगळा समुद्र.

सगळ्यात आधी मी बोट शोधली. आपल्याला बेट म्हंटलं की बोट असणारच असं वाटतं ना. तर नाहीये. मधे एक मोठी फेरी बोट सुरू झाली होती 2007 मध्ये, ओआहू (होनोलुलू ज्यावर आहे ते बेट) ते माउई बेट, पण पर्यावरणाच्या परवानगीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 2009 ला ती बंद पडली, बिग आयलंडपर्यंत पोचलीच नाही कधी. त्यामुळे विमान एके विमान. फ्लाईट पाऊण ते एक तासाची, सकाळी लवकरपासून असतात, आणि लोकल लोक त्या एसटीसारख्या वापरतात, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, ऑफिस, लग्नकार्य सगळं विमानानेच. एका दिवसात नेऊन आणणाऱ्या टूर पण आहेत, पण बसमध्ये वीस-पंचवीस लोकांच्या तालावर चालायचं, आणि आईंचे गुडघे कधी म्हणतील बसा ते सांगता येत नाही, म्हणून आपलं आपणच जायचं ठरवलं. मी, नवरा आणि आई.

मग प्रश्न आला हिलो की कोना. बिग आयलंडला दोन मोठे एअरपोर्ट आहेत, पूर्वेला हिलो आणि पश्चिमेला कोना. कोनाला फ्लाईट जास्त, ऊन जास्त, हॉटेलं जास्त, त्यामुळे सगळे डोळे झाकून कोना घेतात. पण कोनाहून ज्वालामुखीचं नॅशनल पार्क जवळजवळ शंभर मैल, म्हणजे दोन-सव्वादोन तास एका बाजूला, आणि हिलोहून फक्त तीस मैल, पाऊण तास. दिवसाच्या ट्रिपमध्ये हा फरक म्हणजे अख्खी दुपार. नवऱ्याचं म्हणणं होतं की कोनाला उतरू, बेटाला गोल चक्कर मारत हिलोला येऊ, तिथून परत. मी म्हंटलं अहो, हे बेट बाकीची सगळी हवाई बेटं एकत्र केली तरी त्याहून मोठं आहे, चक्कर कसली मारताय. शिवाय गाडी एका एअरपोर्टला घेऊन दुसरीकडे सोडली की वेगळे पैसे लावतात. हिलो ते हिलो फायनल झालं.

आता खरी गंमत, म्हणजे लाव्हा दिसणार का. इथे बरेच लोक फसतात. किलावेआचा आत्ताचा उद्रेक 23 डिसेंबर 2024 ला सुरू झाला, पण तो नळ सोडल्यासारखा सतत वाहत नाही. काही तास, कधी एखादा दिवस लाव्हाचं कारंजं उडतं, कधी कधी हजार फुटांच्या वर जातं, आणि मग सगळं थांबतं, ते कधी थोडे दिवस तर कधी दोन-तीन आठवडे, मग परत. जमिनीखाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, भरत जातो तशी डोंगराची जमीन अगदी किंचित फुगते, ती फुगण्याची मापं घेऊन तिथली वेधशाळा अंदाज सांगते की पुढचं कारंजं साधारण अमुक ते अमुक तारखेच्या मधे. हवाईयन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी, 1912 पासून आहे ती. रोज अपडेट टाकतात आणि लाईव्ह कॅमेरे आहेत, ते मी इतके बघितले की आईंना वाटलं मी सिरीयल बघतेय.

पण विमानाचं तिकीट आज काढायचं आणि कारंजं कधी उडेल ते कोणालाच नक्की माहीत नाही, याचा मेळ बसत नाही. सुट्टी ठरलेली असते, होनोलुलूचं हॉटेल ठरलेलं असतं. मी दोन दिवस मोकळे ठेवून आयत्या वेळी तिकीट काढायचा विचार करून बघितला, तर तिघांच्या तिकिटांचा भाव आणि गाडीचा भाव दोन्ही असे चढत होते की तो नाद सोडला. मग ठरवलं की लाव्हा हा बोनस, आणि दिवस असा आखायचा की लाव्हा नाही दिसला तरी आपण हात हलवत परत आलो असं वाटता कामा नये. हे एकदा मनाशी पक्कं झाल्यावर बाकीचं प्लॅनिंग सोपं झालं खरं तर.

मधल्या काळात फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टाकलं की किलावेआला ऑरेंज अलर्ट आहे, झालं, काकूंचा फोन, मावशींचा फोन, जाऊ नका म्हणून. तर तो रंग असा आहे की ऑरेंज म्हणजे डोंगर अस्वस्थ आहे, वाढू शकतो, किंवा उद्रेक चालू आहे पण फारसा धोका नाही. दोन कारंज्यांच्या मधल्या शांत काळात पण तो ऑरेंजच असतो. आणि हा सगळा प्रकार शिखरावरच्या हालेमाउमाउ नावाच्या विवरात चाललाय, पार्कच्या आत, वस्तीत नाही. 2018 साली मात्र वेगळं झालं होतं, तेव्हा खाली पुना भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला आणि सातशेच्या आसपास घरं गेली. त्यामुळे घरच्यांची काळजी अगदीच उगाच नव्हती. खरी काळजी करायची ती वायूची. सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचं धुरकट धुकं होतं त्याला तिकडे व्हॉग म्हणतात, दमेकऱ्यांना, हार्टवाल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. पार्कच्या साईटवर कुठे किती वायू आहे ते दिसतं, ते मी आदल्या रात्री आणि सकाळी बघितलं, आईंना मास्क घेतला, आणि वारा आपल्या अंगावर यायला लागला की जागा बदलायची असं ठरवलं.

वेळ आखताना मी शेवटून सुरुवात केली. कारंजं नसेल तेव्हा दिवसा नुसता धूर दिसतो, लाल उजेड दिसतो तो अंधारात, म्हणजे अंधार पडेपर्यंत पार्कात थांबायचं, म्हणजे परतीची फ्लाईट जितकी उशिराची मिळेल तितकी. जानेवारी होता त्यामुळे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि तिथे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, मुंबईच्याच अक्षांशावर आहे ना ते, पटकन काळोख. मे-जूनमध्ये गेलात तर हाच अंधार जवळजवळ एक तास उशिरा मिळेल आणि शेवटच्या फ्लाईटचं गणित घट्ट होईल. फ्लाईटच्या अडीच तास आधी पार्क सोडायचं, पाऊण तास रस्ता, मग पेट्रोल, गाडी परत, सिक्युरिटी, असं मागे मागे मोजत आले. हिलोचा एअरपोर्ट छोटा आहे, रांगा फार नसतात, पण रस्ता रात्री काळाकुट्ट आणि पाऊस कधीही. हिलो हे अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त पावसाच्या शहरांपैकी आहे, छत्री नको, रेनकोट घ्या.

सकाळची पहिली-दुसरी फ्लाईट घेऊन हिलोला पोचलो. सगळ्यांचे पासपोर्ट बरोबर ठेवा हं, देशांतर्गत असली तरी ओळखपत्र लागतंच. गाडीच्या काउंटरला छोटी कार बुक केली होती आणि ती नव्हतीच, ऑनलाईन कन्फर्म असून. त्याऐवजी दिला एक भला मोठा पिकअप ट्रक, त्याच किमतीत, वर म्हणे अपग्रेड. आईंना चढता येईना. शेवटी नवऱ्याने पायाखाली हाताची ओंजळ धरली आणि मी मागून ढकललं, आई हसून हसून बेजार, म्हणाल्या "बैलगाडी बरी होती गं". तो ट्रक पार्किंगमध्ये घालताना नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

हिलोतच रेनबो फॉल्स आहे, ऐंशी फुटांचा धबधबा, पार्किंगपासून चार पावलांवर दिसतो, सकाळी ऊन असलं तर खाली इंद्रधनुष्य पडतं. आम्हाला अर्धवट दिसलं. मग हायवे 11 ने वर. रस्ता सरळ आहे पण समुद्रसपाटीपासून चार हजार फूट चढतो, आणि हिलोत घाम येत असताना वर स्वेटर लागतो. वायकीकीच्या कपड्यात आलेले लोक कुडकुडत फोटो काढताना बघितले. पार्कची फी एका गाडीला 30 डॉलर, सात दिवस चालते, फक्त कार्ड, रोख घेत नाहीत. आत पेट्रोल मिळत नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थोडंसं लोणचं घेतलं होतं, पुऱ्या विमानात नेता येतात, प्रश्न नाही, लोणचं मात्र हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या आतच हवं.

पार्कात सगळ्यात आधी स्टीम व्हेंट्स. पावसाचं पाणी खाली मुरतं, तापलेल्या खडकाला लागतं आणि वाफ होऊन भेगांतून वर येतं. आईंनी पदर सावरत हात शेकले. जवळच सल्फर बँक्स, म्हणजे गंधकाचे वायू निघतात ती जागा, तिथे लाकडी पायवाट आहे, चालायला सोपी पण वास सडक्या अंड्याचा, आम्ही दोन मिनिटांत पळालो. पेले म्हणून देवी आहे, ती हालेमाउमाउमध्ये राहते अशी तिथल्या लोकांची श्रद्धा, हे सांगितल्यावर आईंचा पहिला प्रश्न, "मग ओटी भरायला नको का?" पार्कात काहीही अर्पण करून ठेवू नका असं सांगतात, आणि दगड तर उचलायचाच नाही, त्यामुळे आईंनी कठड्यापाशी उभं राहून नुसता नमस्कार केला, तोही चांगला मोठा. बाजूच्या बाईंनी विचारलं हे काय, तर आई मराठीतच सांगायला लागल्या आणि त्या बाई मान डोलवत ऐकत होत्या.

किलावेआ ईकी नावाचं दुसरं विवर वरूनच बघितलं. 1959 साली तिथे 1900 फूट उंच कारंजं उडालं होतं आणि आज त्या विवराच्या तळावरून माणसं मुंग्यांसारखी चालताना दिसतात. तिथून पुढे नाहुकू, म्हणजे लाव्हा ट्यूब. लाव्हाचा ओघ वरून थंड होऊन कवच होतं, आतला वाहून जातो आणि पोकळ बोगदा उरतो. आत दिवे आहेत, पण जायला-यायला उतार-चढाव आणि पायऱ्या आहेत, जमीन ओली. आई बाहेरच्या नेच्यांच्या जंगलात बाकावर बसल्या, आम्ही दोघं आलटून पालटून जाऊन आलो. पार्किंग फार थोडं आहे, सकाळी नऊच्या आधी नाहीतर चार नंतर जा, आम्ही भर दुपारी गेलो तर एक जागा सुटेपर्यंत ट्रक घेऊन घिरट्या घातल्या.

दिवसातला माझा सगळ्यात आवडता भाग मात्र चेन ऑफ क्रेटर्स रोड, आणि तो लोक वेळ नाही म्हणून सोडतात. साधारण एकोणीस मैलांत 3700 फूट खाली समुद्रापर्यंत उतरतो. आधी हिरवं जंगल, मग एकदम काळं, जिकडे बघावं तिकडे काळा दगड, कुठे दोरखंडासारखा पिळलेला, कुठे खडबडीत ढेकळं, आणि भेगेतून एखादं ओहियाचं झाड लाल फूल घेऊन उभं. नवरा ट्रेकर, तो म्हणाला हाच आपला सह्याद्री, फक्त ताजा. खरंच की, आपला बसाल्ट पण असाच लाव्हाचा, पण साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, आणि इथे माझ्या वयाहून लहान जमिनीवर आम्ही पुऱ्या खात बसलो होतो. शेवटी समुद्राच्या कड्यावर होलेई सी आर्च, दगडी कमान. त्याच्या पुढे रस्ता लाव्हाखाली गाडला गेलाय, म्हणून तिथूनच परत फिरायचं. जाऊन येऊन थांबत थांबत दोन-अडीच तास धरा, खाली पाणी, खाणं काही मिळत नाही.

पाचच्या सुमाराला वर आलो आणि विवराच्या कडेच्या पार्किंगमध्ये जागा धरली. हे आधी करावं लागतं, कारण अंधार पडायच्या आधी अर्धा तास सगळं पार्क तिथे लोटतं. कारंजं नव्हतं, मधला शांत काळ चालू होता हे आम्हाला सकाळपासून माहीतच होतं. पण काळोख झाल्यावर विवरात लाव्हा बाहेर पडायची जी दोन तोंडं आहेत त्यांपैकी एकातून लालसर उजेड दिसायला लागला, वरच्या धुराला खालून रंग चढलेला, मधेच वाढायचा, मधेच कमी व्हायचा. आई म्हणाल्या "चुलीसारखं दिसतंय, पण केवढी चूल!" त्यांना तेवढं पुरलं. मला विचाराल तर मला थोडी हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू, कॅमेऱ्यावर हजार फुटांचं बघून गेले होते ना.

ठरलेल्या वेळेला निघालो, वाटेत धुकं आणि पाऊस दोन्ही लागलं, पण वेळ हाताशी होता. ट्रकची टाकी भरायला वाटलं त्याहून बरेच डॉलर गेले, अपग्रेड ते असं. मध्यरात्रीच्या आधी हॉटेलवर.

तुमच्याबरोबर गुडघे दुखणारं कोणी नसेल तर मी चेन ऑफ क्रेटर्सच्या ऐवजी किलावेआ ईकीच्या तळाची पायवाट करा म्हणेन, चारशे फूट खाली उतरून परत चढायचं, दोन-तीन तास लागतात, दोन्ही एका दिवसात धावपळ होते. पायवाटेच्या तोंडाशी बुटं घासायला ब्रश ठेवलेत, तिथे बुटं नक्की घासा, ओहियाच्या झाडांना एक बुरशीचा रोग पडलाय आणि तो मातीतून पसरतो. आणि गाडी घेताना काउंटरवरच सांगा की बरोबर वयस्क माणूस आहे, उंच गाडी नको. आमच्या मागच्या रांगेतल्या काकांनी तेच सांगितलं आणि त्यांना बसकी कार मिळाली.