पोट बिघडलं नव्हतं

चतुर्थीला अजून बारा दिवस आहेत. आज बांबोळीला, मानसोपचाराच्या इस्पितळात, चौथी फेरी झाली.

गेल्या वर्षी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना मी शिडीवर होतो आणि धाकटा भाऊ खाली तोरंजनाचं फळ धरून उभा होता. कुम्याच्या दोराला साधी गाठ मारायची होती, वीस वर्षं मीच मारत आलोय. पण हातात घागऱ्योंची जुडी तशीच राहिली. गाठ सुचेचना. "दादा, तू उतर, मी बांधतो," तो म्हणाला. मी उतरून मागच्या पडवीत जाऊन बसलो. आरतीला घुमट वाजू लागलं तरी उठलो नाही. आईला सांगितलं, पोट बिघडलंय.

पुढे सहा-सात महिने हेच सांगत राहिलो, बँकेतसुद्धा. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटायचं. जेवण गोड लागेना. एप्रिलमधल्या अशाच एका पहाटे १४४१६ फिरवला. टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. मी बराच वेळ नुसता रडलो, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

सकाळी भावाला म्हटलं, "मला डिप्रेशन आलंय असं वाटतं." ते वाक्य तोंडातून निघेपर्यंत चहा गार झाला होता. त्याने फक्त विचारलं, "कधी जायचं?" आणि आयपीएचबीत, म्हणजे बांबोळीच्या त्या इस्पितळात, तोच घेऊन गेला. लहानपणापासून त्या जागेला आम्ही वेड्यांचं इस्पितळ म्हणत आलो, याची मला आता लाज वाटते. बाकावर माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी आणि एक निवृत्त मास्तर बसले होते.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासायला लावलं, कारण तो मंदावला तरी माणूस असाच गळून जातो. तो ठीक निघाला. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. बँकेत कळेल ही माझी मोठी धास्ती होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क मला दिलाय, हे कळल्यावर त्या रात्री मी सलग झोपलो.

सगळं सुटलंय असं नाही. परवाच पुन्हा तीनला जाग आली होती. पण उठून दात घासले, चहा केला.

आज घरी आल्यावर आईला सांगितलं, "गेल्या वर्षी माझं पोट बिघडलं नव्हतं." ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "तुझे बाबाही असेच बसायचे मागच्या पडवीत. आम्ही म्हणायचो, स्वभाव. मी कधी विचारलंच नाही रे त्यांना." मग बराच वेळ ती सुपातल्या तांदळांवरून नुसता हात फिरवत राहिली.

"पुढची तारीख कधीची?" तिने विचारलं. "मी येते बरोबर."