वापरलेली पिन फेकण्याआधी एकदा भिंगाखाली धरा

तबकडीच्या एका बाजूला स्टीलची पिन एकच, हा नियम ग्रामोफोन बाळगणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. तरी वापरलेली पिन मोठी करून बघण्यात अर्थ आहे, कारण आपल्या यंत्राचं कुठे काय बिघडलंय ते तिच्या टोकावर दिसतं.

आधी झीज होते कशी ते बघू. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी असते आणि ती मुद्दाम घातलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांतच ती पिनेचं गोल टोक घासून खाचेच्या मापाचं करते. १० इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण २४० फेरे होतात, म्हणजे पिन १२५-१३० मीटर खाच घासत जाते, आणि तेही साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन बसवतात त्या आवाजाच्या डबीचं, शंभरेक ग्रॅम वजन डोक्यावर घेऊन. शेवटी टोकाच्या दोन बाजूंना दोन सपाट पैलू पडतात आणि टोक छिन्नीसारखं होतं. हे पैलू आहे त्या जागी खाचेत नीट बसलेले असतात. पिन काढून परत लावली की ती जराशी फिरलेली असतेच. मग पैलूची धार खाचेच्या भिंतीला लागते आणि भिंत कापली जाते. अर्धी फिरवून ‘दुसरी बाजू’ वापरणारे महाभाग तर तबकडीवर सरळ करवत चालवतात.

पिन काढण्याआधी, ती साउंडबॉक्समध्ये असतानाच, समोरच्या बाजूला मार्करचा ठिपका द्या. हे राहिलं तर पुढचं सगळं निरर्थक, कारण पैलू कुठल्या दिशेचा होता ते नंतर कळत नाही. मग टोकाला चिकटलेली काळी भुकटी मऊ ब्रशने झाडा. नाहीच निघाली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा लावा, पण फक्त पिनेला. तबकडीच्या जवळपासही ती बाटली नको, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

घड्याळजी वापरतात ते १० पटीचं भिंग सुरुवातीला पुरतं. नागपुरात इतवारीत सराफी अवजारांच्या दुकानांत विचारा. पैलू ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, तो या भिंगातून जेमतेम १ मिलिमीटर दिसतो. म्हणजे पैलू पडलाय एवढं कळेल, त्याची धार बघायला ४० ते ६० पट लागतात. यूएसबी मायक्रोस्कोपच्या खोक्यावरच्या ‘१००० पट’वर जाऊ नका. त्याच फोकसला स्टीलच्या पट्टीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघांचा फोटो काढून ठेवा, माप त्यावरून काढा.

पिन खोडरबरात खोचा, मागे काळा कागद, आणि एलईडी बाजूने, अगदी तिरपा. वरून उजेड टाकला की सगळंच चमकतं आणि काही दिसत नाही. पिन हळूहळू फिरवा. नव्या टोकावर चमकेचा बारीक ठिपका टोकाभोवती सरकत राहतो. पैलू मात्र एका ठराविक कोनात आरशासारखा लखकन पेटतो आणि लगेच विझतो. गंजाचा खड्डा कुठल्याच कोनात असा पेटत नाही. नागपूरच्या पावसाळ्यात उघड्या डबीतल्या पिनांना गंज धरतोच, आणि उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या हवेतही, म्हणून हा फरक ओळखता यायला हवा. गंजलेली नवी पिन पहिल्या फेरीपासूनच खाच खरवडते.

आता निदान. दोन पैलू ठिपक्याच्या डावी-उजवीकडे आणि साधारण सारखे असतील तर यंत्र ठीक. एक पैलू उघड मोठा असेल तर आधी ग्रामोफोन सपाट ठेवलाय का ते स्पिरिट लेव्हलने बघा, मग समोरून बघून साउंडबॉक्स तबकडीवर सरळ उभा आहे का ते तपासा. साउंडबॉक्सच्या मागचं रबर जुनं झालं की कडक होतं, खचतं आणि साउंडबॉक्स एका अंगाला कलतो; आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी ते काम लवकरच होतं. पैलू सारखे, पण ठिपक्याच्या हिशेबाने दोन्ही एकाच दिशेने फिरलेले दिसले, तर टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स धरणारी नळी, खाचेच्या रेषेत चालत नाहीये. पैलूची कड दातेरी दिसली तर पिनेचा स्क्रू ढिला असेल, नाहीतर पिन धरणारा दांडा नीट हलत नसेल. हे शेवटचं सगळ्यात वाईट: न हलणारा दांडा खाचेतली नागमोड नीट पाळू शकत नाही, आणि जोराचे स्वर आले की भिंतीच मार खातात. असा साउंडबॉक्स दुरुस्त होईपर्यंत चांगली तबकडी लावूच नका.

एका पिनेवरून निकाल देऊ नका. एकाच डबीतल्या तीन-चार पिना, चांगल्या स्थितीतल्या तबकड्यांवर वाजवलेल्या, शेजारी शेजारी ठेवून बघा. आधीच पांढुरकी, झिजलेली तबकडी पिनेवर काय वाट्टेल ते उमटवते.

टंगस्टनच्या पिनेचं गणित थोडं वेगळं. तिच्या टोकाला सारख्या जाडीची बारीक तार असते, त्यामुळे झिजली तरी टोक जाड होत जात नाही, आणि ती अनेक बाजू चालते. तिलाही पैलू पडतातच, म्हणून एकदा बसवली की स्क्रूला हात लावायचा नाही. ती जागेवरच, छोटा आरसा खाली धरून भिंगाने तपासायची. तार झिजून पिनेच्या जाड दांडीपर्यंत आली की पिन बाद, डबीवर कितीही बाजू लिहिलेल्या असोत.