साइट चालू, मेल बंद

काम आलं तेव्हा एका ओळीचं होतं: "मॅडम, साइट जुनाट दिसतेय, नवी करून द्या." दोघे भाऊ, लाकडी दारं-खिडक्यांचा कारखाना. डिझाइन, फोटो, मजकूर यात तीन आठवडे गेले, पण त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. खरं काम सुरू झालं ते साइट तयार झाल्यावर.

डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे, असं विचारलं तर थोरले म्हणाले, "आमच्याच. आमचंच तर नाव आहे त्यात." डोमेनमध्ये नाव असणं वेगळं आणि डोमेन नावावर असणं वेगळं, हे पटवायला फोनवर दहा मिनिटं गेली. डोमेन आधीच्या डिझायनरच्या खात्यात होतं, मालक म्हणूनही त्याचंच नाव. यात त्याची लबाडी काही नव्हती. सहा वर्षांपूर्वी यांनीच त्याला "तुम्हीच बघा सगळं" म्हटलं होतं, आणि तो बघत होता. आता त्याने हे काम सोडून नोकरी धरली होती आणि मेलला चार-चार दिवसांनी उत्तर देत होता. डोमेनची मुदत संपायला १९ दिवस उरले होते.

आधी त्याला मालकाचं नाव बदलायला सांगायचं, मग डोमेन हलवायचं, असा माझा बेत होता. नशीब, तसं कळवण्याआधी नियम वाचले. डॉट कॉमच्या डोमेनवर मालकाचं नाव बदललं की बरेच रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपन्या, ते ६० दिवस दुसरीकडे जाऊ देत नाहीत. म्हणून क्रम उलटा केला. भावांच्या नावाने नव्या रजिस्ट्रारकडे खातं उघडलं, जुन्याकडचं डोमेन हलू न देणारं लॉक काढून घेतलं, हलवायला लागणारा ऑथ कोड जुन्या डिझायनरकडून मागवला; नाव बदलणं सगळ्यात शेवटी. कोड आला तो नुसता कोडच, वर-खाली एक शब्द नाही. मी मनात त्या माणसाला जरा नावं ठेवली. जुन्या रजिस्ट्रारने काहीच हालचाल केली नाही तरी पाच दिवसांनी डोमेन आपोआप हलतं, आमचं तसंच हललं. शिवाय मुदत वर्षाने वाढली.

शुक्रवारी संध्याकाळी मी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलले. शुक्रवारी संध्याकाळी असल्या गोष्टींना हात लावू नये, हे मी इतरांना सांगत असते. पण शनिवार-रविवारी साइटवर वर्दळ कमी, असा हिशोब केला. तासाभरात नवी साइट दिसू लागली. माझ्या पत्त्यावरून भावांना एक चाचणीचा मेल टाकला, तोही पोचला. लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडला नाही.

सोमवारी सकाळी थोरल्यांचा फोन. "मॅडम, एक गिऱ्हाईक म्हणतंय, तुमचा ईमेल पत्ताच अस्तित्वात नाही असं येतंय."

ऐकताक्षणी पोटात गोळा आला, कारण काय झालं असणार ते लगेच कळलं. त्यांचे मेल वेगळ्या सेवेवर होते. मेल कुठे पोचवायचे हे सांगणारी एमएक्स नोंद जुन्या नेमसर्व्हरवर होती. नेमसर्व्हर बदलताच ती बाद झाली, आणि नव्या होस्टिंगने, म्हणजे साइट जिथे ठेवली त्या सेवेने, त्या जागी आपलाच पत्ता आधीपासून भरून ठेवला होता. मी साइटच्या नोंदी दोनदा तपासल्या होत्या, मेलच्या एकदाही नाही. मग माझा चाचणीचा मेल पोचला कसा? डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची माहिती १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, इतर सर्व्हरना साठवून ठेवायची मुभा असते. माझ्या मेलवाल्यांकडे अजून जुनंच उत्तर होतं. थोडक्यात, मी चाचणी घेतली ती जुन्या व्यवस्थेची.

त्यातही नवा सर्व्हर बंद असता तर परवडलं असतं. पलीकडून उत्तरच आलं नाही, तर पाठवणारा सर्व्हर मेल धरून ठेवतो आणि बहुधा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आमचा सर्व्हर मात्र चांगला जागा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला तत्परतेने ५५० सांगत होता: असा कोणी इथे राहत नाही. पाचने सुरू होणारा कोड म्हणजे पुन्हा येऊच नका.

मेलसेवेच्या पॅनेलमधून एमएक्स आणि मेल खरंच आपल्याकडूनच गेलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी उचलून नव्या जागी टाकायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण चुकीच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती साठवून ठेवायची मुदत, १४४०० सेकंद होता. म्हणजे ती जिथे पोचली होती, तिथे आणखी चार तास राहणार. चार तास मी दर दहा मिनिटांनी तपासत बसले. तपासल्याने काही लवकर होत नाही.

दुपारी मेल यायला लागले, पण साइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचा एकही येईना. फॉर्म भरला की "धन्यवाद" दिसायचं आणि पुढे काही नाही. तासभर मी फॉर्मलाच दोष देत होते. दोष होस्टिंगच्या मेल राउटिंगमध्ये निघाला: सेटिंग "लोकल" होतं. सर्व्हर या डोमेनचे मेल आपल्याच घरचे समजून बाहेर सोडतच नव्हता. ते "रिमोट" केलं आणि पहिली चौकशी पोचली.

परत गेलेल्या मेलचं काय, हा प्रश्न होताच. रात्री होस्टिंगचा मेल लॉग उघडला. कोणाला परत पाठवलं ते त्यात असतं, मजकूर नसतो. जाहिराती आणि स्पॅम वगळून १४ पत्ते उरले. दुसऱ्या दिवशी यादी घेऊन कारखान्यात गेले. थोरले एकेकाला स्वतः फोन करत होते, मी शेजारी बसून खुणा करत होते. दोघांनी भाव विचारले होते, एक बिजागऱ्यांचा पुरवठादार होता. सातवा पत्ता ओळखीचा निघाला. जुना डिझायनर. शनिवारी दुपारी त्याने मेल केला होता.

थोरल्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"जुन्या सगळ्या रेकॉर्डची यादी पाठवली होती," तो म्हणाला. "म्हटलं, नव्या मॅडमना द्या, मेलचे राहून जातात. तो परत आला तेव्हाच कळलं, राहिलेत."

"अहो, मग फोन करायचा ना!"

"माझ्याकडे कारखान्याचा नंबर आहे. रविवारी कोण उचलणार?"