गर्दी नसतानाच येणारा ५०२

दिवसाला सात-आठ ५०२ (मधल्या सर्व्हरला ॲपकडून नीट उत्तर न मिळाल्याची वेब एरर), आणि तेही दुपारी दोन ते चारच्या सुस्त वेळात. सकाळी ऑर्डरींची झुंबड उडते तेव्हा एकही नाही.

नोड १८ (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि एक्सप्रेस (तिच्यावरचं वेब फ्रेमवर्क) यांवरचं ॲप आम्ही स्वतःच्या सर्व्हरवरून मॅनेज्ड क्लाउडवर हलवलं होतं. नेहमीच्या अडचणी पहिल्याच दिवशी आल्या आणि मिटल्या. पोर्ट ३००० कोडमध्येच लिहिलेला होता, तो प्लॅटफॉर्मच्या व्हेरिएबलमधून घेतला. ॲप १२७.०.०.१ वर ऐकत होतं, म्हणजे कंटेनरबाहेरून (ॲप ज्या बंदिस्त डब्यात चालतं त्याच्या बाहेरून) पोचताच येत नव्हतं; ते ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, आणलं. विंडोजवर चालणारे दोन इम्पोर्ट लिनक्सवर कॅपिटल-स्मॉलच्या फरकामुळे सापडेनात. या चुका बिल्ड किंवा हेल्थ चेक (ॲप उत्तर देतं का याची तपासणी) तोंडावर सांगतो. ५०२ काहीच सांगत नव्हता, कारण ॲपच्या लॉगमध्ये त्या विनंत्यांची नोंदच नव्हती.

टीमने आधी मेमरी ५१२ एमबीवरून १ जीबी केली, मग रोज रात्री रीस्टार्ट लावला. कारण माहीत नसताना मेमरी वाढवायची ही सवय मला मुळीच पटत नाही. त्याने बिल वाढतं आणि शोध थांबतो. सपोर्टचं उत्तर ठरलेलं: तुमचं ॲप तपासा. लोड टेस्टही झाली. दोनशे युजर, दहा मिनिटं, एकही चूक नाही.

धागा मिळाला तो लोड बॅलन्सरच्या, म्हणजे ग्राहकाच्या विनंत्या ॲपकडे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या, लॉगमध्ये. ग्राहकाला दिलेला कोड ५०२, आणि ॲपकडून आलेल्या कोडच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. म्हणजे ॲपने चुकीचं उत्तर दिलं नव्हतं, उत्तरच दिलं नव्हतं. मग लोड बॅलन्सरला वगळून थेट ॲपला कर्ल मारला, म्हणजे कमांड लाइनवरून विनंती पाठवली. उत्तराच्या हेडरमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: कीप-अलाइव्ह, टाइमआउट ५, म्हणजे रिकामी जोडणी पाच सेकंदच उघडी.

लोड बॅलन्सर दर विनंतीला नवी टीसीपी जोडणी उघडत नाही. उघडलेली राखून ठेवतो, आमच्याकडे ६० सेकंद. नोड १८ मात्र ५ सेकंद रिकामी राहिलेली जोडणी स्वतःच बंद करतो. बंद केल्याचा निरोप वाटेत असतानाच पलीकडून त्याच जोडणीवर नवी विनंती आली, की रीसेट होतो आणि ग्राहकाला ५०२ दिसतो. फट काही मिलिसेकंदांची. गर्दीत जोडणी पाच सेकंद रिकामी राहतच नाही, म्हणून लोड टेस्ट निर्मळ. साधा सॉकेट उघडून, एक विनंती पाठवून, बरोबर पाच सेकंद थांबून दुसरी पाठवणारी वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. थोड्या प्रयत्नांत ई-कॉन-रीसेट (जोडणी तुटल्याची एरर) हाती आला.

प्लॅटफॉर्मचे ६० सेकंद बदलता येत नव्हते, म्हणून नोडकडचा कीप-अलाइव्ह टाइमआउट ६५,००० मिलिसेकंद केला. मागच्याने (ॲपने) पुढच्यापेक्षा (लोड बॅलन्सरपेक्षा) जास्त वेळ थांबायचं, एवढाच नियम. हेडर्स टाइमआउटही (विनंतीचे हेडर पूर्ण येईपर्यंत थांबायची मुदत) ६६,००० केला; नोडच्या काही जुन्या आवृत्त्यांत तो कमी राहिला तर हाच त्रास दुसऱ्या दाराने येतो. इथे एक खोच आहे. ही सेटिंग एक्सप्रेसच्या ॲपवर चालत नाही, ॲपचं लिसन फंक्शन जो सर्व्हर परत देतं त्यावर लावावी लागते. एका सहकाऱ्याने ती ॲपवर लावली होती. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि परिणामही नाही.

लोड बॅलन्सरने ५०२ आला की विनंती पुन्हा पाठवावी, असंही एकाने सुचवलं होतं. ऑर्डर नोंदवणाऱ्या पोस्ट विनंतीला मी ते लावू दिलं नाही. या फटीत विनंती ॲपपर्यंत पोचलेली नसते, पण प्रत्येक ५०२ याच फटीतला असतो असं नाही, आणि तीच ऑर्डर दोनदा गेली तर माल दोनदा निघतो.

बदलानंतर दुपारचे ५०२ थांबले. आता लोड टेस्टच्या जोडीला एक संथ चाचणीही चालते: दर पाच सेकंदांनी एक विनंती, तासभर. याआधी हलवलेल्या तीन ॲपची मात्र फक्त गर्दीतच चाचणी झाली आहे. त्यांचे लोड बॅलन्सरचे लॉग मी या आठवड्यात उघडतो आहे.